रॉइसचे हात, रोल्सचे नाव

एखाद्या जिन्नसाची तारीफ करायची आणि शब्द अपुरे पडू लागले, की लोक म्हणतात, "ही म्हणजे त्यातली रोल्स-रॉइस!" मग तो जिन्नस शिवणयंत्र असो की तंबोरा. गंमत अशी, की असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती मोटार जवळून पाहिलेलीही नसते. वस्तूपेक्षा तिचे नाव शंभर पटींनी अधिक लोकांपर्यंत पोहोचावे, हे भाग्य फार थोड्या कारखान्यांच्या वाट्याला आले आहे.

या नावाचा १९९८ साली अक्षरशः बाजार मांडला गेला. फोक्सवागेन या जर्मन कंपनीने ४३ कोटी पौंड मोजून मोटारींचा सगळा कारखाना विकत घेतला. इमारती, यंत्रे, नकाशे, हाताखालचे कारागीर आणि गाडीच्या नाकावर उभी असणारी ती पंखवाली पुतळीसुद्धा. बीएमडब्ल्यू या दुसऱ्या जर्मन कंपनीने अवघे ४ कोटी पौंड दिले आणि नुसते नाव घेतले. पुढे रोल्स-रॉइस मोटार बनविण्याचा मान मिळाला तो या दुसऱ्या कंपनीला! वाडा घेणाऱ्याच्या पदरी विटा-चुना आला आणि दारावरची पाटी घेणारा घराण्याचा वारस ठरला. हा उलटा न्याय कसा झाला, हे समजून घ्यायचे तर ते नाव मुळात कोणी आणि कशाच्या बळावर मिळविले, तेथून सुरुवात करावी लागते.

हेन्री रॉइस याचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडातील पीटरबरो शहराजवळच्या ऑल्वॉल्टन या खेड्यात झाला. पाच भावंडांत तो धाकटा. वडिलांचा पिठाच्या गिरणीचा धंदा होता, तो बसला. रॉइस नऊ वर्षांचा असताना वडीलही गेले. मुलाने वर्तमानपत्रे विकली, घरोघरी तारा पोहोचविल्या. शाळेचे तोंड त्याने जेमतेम वर्षभर पाहिले असेल. पुढे नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईने वर्षाला २० पौंड भरण्याचे कबूल केले, म्हणून १८७८ साली त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करता आली. तीन वर्षांनी त्या बाईंचाही हात आखडला आणि उमेदवारी अर्धवट सुटली. कागदी पात्रतेच्या हिशेबाने पाहिले, तर पुढे जगातील सर्वोत्कृष्ट म्हणून गाजलेल्या यंत्राचा हा निर्माता अखेरपर्यंत 'अपूर्ण शिक्षण' याच सदरात मोडतो. मोठेपणीही तो स्वतःची ओळख 'मेकॅनिक' अशीच करून देत असे.

१८८४ मध्ये अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राबरोबर त्याने मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर एक लहानसा कारखाना थाटला. भांडवल किती, तर रॉइसचे २० पौंड आणि मित्राचे ५०. माल म्हणजे विजेच्या घंटा, दिव्यांचे धारक असला किरकोळ. हळूहळू डायनामो आणि विजेवर चालणाऱ्या क्रेन तेथे तयार होऊ लागल्या. रॉइसची क्रेन इतरांपेक्षा महाग पडे, पण ती बिघडत नाही अशी तिची ख्याती होती. कामाच्या तंद्रीत त्याला जेवणाखाण्याची शुद्ध राहत नसे, म्हणून कारखान्यातील पोरगा दुधाचा पेला घेऊन त्याच्या मागे मागे फिरे. अशा माणसाच्या हाताखाली काम करणे फारसे सुखाचे नसणार, हे निराळे सांगायला नको.

नव्या शतकाच्या आरंभी बोअर युद्धानंतरची मंदी आली. जर्मनी आणि अमेरिकेतून स्वस्त यंत्रे येऊ लागली आणि क्रेनचा धंदा रोडावला. त्याच सुमारास रॉइसने देकोव्हिल नावाची एक जुनी फ्रेंच मोटार घेतली होती. ती गाडी फार वाईट होती, चिडून त्याने स्वतःची बनविली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. वास्तविक त्या काळाच्या मानाने ती बरी मोटार होती. वाईट वस्तू सुधारणे कोणालाही सुचते. बऱ्या वस्तूकडे पाहून 'यातला प्रत्येक भाग याहून चांगला होऊ शकेल' असे वाटणे, ही रॉइसची खरी खोड. त्याने ती गाडी सुटी केली, एकेक भाग न्याहाळला, आणि नवे काही शोधून काढण्याचा आव न आणता तोच भाग अधिक काटेकोरपणे पुन्हा घडविला. दहा अश्वशक्तीची, दोन सिलिंडरांची त्याची पहिली मोटार १ एप्रिल १९०४ रोजी कुक स्ट्रीटवरून बाहेर पडली. अशा तीनच गाड्या त्याने प्रथम केल्या.

आता दुसरे नाव. चार्ल्स स्टुअर्ट रोल्स हा एका उमरावाचा तिसरा मुलगा. जन्म २७ ऑगस्ट १८७७ चा, शिक्षण ईटन आणि केंब्रिजचे. विद्यार्थिदशेतच, १८९६ साली, त्याने फ्रान्समधून प्यूजो मोटार आणविली होती. १९०३ मध्ये वडिलांच्या पैशावर त्याने लंडनमध्ये मोटारी विकण्याची पेढी काढली. तेथे विकायला होत्या त्या सगळ्या परदेशी गाड्या. आपल्या देशातली, अभिमानाने विकता येईल अशी एक मोटार असावी, ही त्याची तळमळ होती. ४ मे १९०४ रोजी हेन्री एडमंड्स या उभयतांच्या परिचिताने त्याला मँचेस्टरला नेले आणि तेथल्या मिडलंड हॉटेलात रॉइसशी गाठ घालून दिली. एक एक्केचाळीस वर्षांचा, हाताला तेल लागलेला, गिरणीवाल्याचा मुलगा. दुसरा सव्वीस वर्षांचा, उमराव घराण्यातला, वेगाचे वेड असलेला. दोन सिलिंडरांच्या गाड्या रोल्सला मनापासून आवडत नसत. पण ही गाडी थरथरत नव्हती, खडखडत नव्हती. तुम्ही बनवाल तेवढ्या मोटारी मी विकतो, असे त्याने सांगितले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला करार झाला आणि गाडीचे नाव ठरले रोल्स-रॉइस. घडविणाऱ्याचे नाव मागे आणि विकणाऱ्याचे पुढे, हेही जगरहाटीला धरूनच झाले.

१९०६ साली कंपनी रीतसर स्थापन झाली आणि त्याच वर्षी लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात सहा सिलिंडरांची ४०/५० अश्वशक्तीची मोटार मांडण्यात आली. येथे थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे, कारण नावाची सगळी पुण्याई येथे आहे. मोटारीच्या इंजिनात सिलिंडरातील स्फोटांचे धक्के एका लांब, वळणावळणाच्या पोलादी दांड्यावर बसतात आणि तो फिरू लागतो. याला क्रँकशाफ्ट म्हणतात. सिलिंडर सहा केले, की हा दांडा लांबतो. प्रत्येक धक्क्याबरोबर तो ओले धोतर पिळावे तसा किंचित पिळला जातो आणि पुन्हा सुटतो. विशिष्ट वेगाला ही पिळवटणूक इतकी वाढते, की दांडा तुटतो. रॉइसच्या याआधीच्या सहा सिलिंडरी गाडीचेही दांडे तुटले होते. नव्या गाडीत त्याने सिलिंडरांचे तीन-तीनचे दोन गट केले, दांडा भक्कम जाडीचा घेतला, त्याला सात ठिकाणी बेअरिंगांचा आधार दिला आणि दाबाखालचे तेल प्रत्येक आधारापर्यंत पोहोचविले. सात लिटरांचे ते इंजिन इतके मुकाट चालू लागले, की गाडी उभी आहे की इंजिन बंद आहे हे लोकांना कळेना. या निःशब्दतेमागे कोणतेही गुपित नव्हते. हजार लहान गोष्टी होत्या आणि त्यांतली एकही 'चालेल' म्हणून सोडलेली नव्हती.

या गाड्यांपैकी एक चंदेरी रंगात रंगविण्यात आली. तिचे नाव 'सिल्व्हर घोस्ट', नोंदणी क्रमांक एएक्स २०१. लोकांनी पुढे त्या जातीच्या सगळ्याच गाड्यांना हे नाव बहाल केले. १९०७ साली ऑटोमोबाइल क्लबाच्या निरीक्षकांसमक्ष ही गाडी लंडन-ग्लासगो रस्त्यावर रविवार सोडून रात्रंदिवस धावत राहिली. ६२९ मैलांवर रस्त्याच्या धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली, तेवढी एकदा थांबली. त्यानंतर टायरांची कामे वगळता १४,३७१ मैल ती अडली नाही. ज्या काळी वीस-पंचवीस मैलांत एकदा तरी गाडीखाली शिरावे लागणे हे मोटारवाल्याचे प्राक्तन समजले जाई, त्या काळातली ही गोष्ट. नंतर गाडी उकलून, ती पुन्हा नव्यासारखी करायला काय लागेल याचा हिशेब मांडला, तो दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स भरला.

या परीक्षांमागचे डोके होते क्लॉड जॉन्सन याचे. हा रोल्सचा भागीदार, आधी ऑटोमोबाइल क्लबाचा चिटणीस. गाडी चांगली असून भागत नाही, ती चांगली असल्याचे चारचौघांत सिद्ध करावे लागते, हे त्याने ओळखले होते. रोल्स आणि रॉइस या दोन नावांमधली आडवी रेघ म्हणजे जॉन्सन, असे लोक म्हणत. इतर सगळ्या गाड्या बंद करून ही एकच बनवावी, हा निर्णयही त्याचाच.

हीच परीक्षा पुढच्या वर्षी आपल्या सह्याद्रीने घेतली. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी ६२० मैलांची मोटारशर्यत झाली. तीत सहा मोठे घाट होते. त्या घाटांतून एसटीने प्रवास केलेल्या वाचकांना वळणांची कल्पना सहज येईल. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांची मात्र करावी लागेल. 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस हे सारे अंतर न अडता पार करून गेली. ती गाडी घेतली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावरून चांदीची आगगाडी फिरविणाऱ्या या यंत्रप्रेमी राजाच्या नजरेतून अशी चीज सुटणे शक्यच नव्हते. एका मराठी संस्थानाच्या वाटेवर कसाला लागलेली मोटार दुसऱ्या मराठी संस्थानिकाच्या दारी उभी राहिली आणि हिंदुस्थानातील दरबारांना या नावाची मोहिनी पडली ती तेथून.

हैदराबादच्या वाचकांना निजामाची पिवळी 'सिंहासन-मोटार' ऐकून ठाऊक असेल. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागविली, परंतु १९११ साली त्यांचे निधन झाले आणि गाडी आली ती मीर उस्मान अली खान यांच्या पदरी. तिचा वरचा साज बार्कर या लंडनच्या पेढीने चढविला होता. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, की त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी फक्त सांगाडा, इंजिन आणि चाके विकत असे. १९०७ साली एवढ्यालाच ९८५ पौंड पडत. वरची बैठक, छत, दारे हे गिऱ्हाइकाने आपल्या आवडीच्या कारागिराकडून करून घ्यायचे. घोड्यांच्या बग्ग्या करणाऱ्या पेढ्याच हे काम करीत. म्हणून संस्थानिकांच्या गाड्यांत सिंहासनापासून शिकारीच्या बंदुकांच्या खणांपर्यंत हवी ती हौस भागविता आली.

अपमान झाला म्हणून अमक्या महाराजांनी रोल्स-रॉइस गाड्या शहराचा केर वाहायला लावल्या, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. कोणी ती अलवारची म्हणून सांगतो, कोणी पतियाळाची, कोणी हैदराबादची. एकाच गोष्टीला इतके धनी लाभले, की शहाण्याने तिच्यावर विश्वास ठेवू नये. तशीच दुसरी आख्यायिका गाडीवरच्या दोन 'आर' अक्षरांची. रॉइसच्या मृत्यूच्या शोकाने ती तांबड्याची काळी करण्यात आली, असे सांगतात. प्रत्यक्षात तो बदल रॉइस हयात असतानाच ठरला होता. तांबडा रंग गाडीच्या इतर रंगांशी विजोड दिसे, एवढेच त्याचे कारण.

नावातला पहिला माणूस मात्र फार लवकर गेला. रोल्सला मोटारीपाठोपाठ विमानाचे वेड लागले होते. जून १९१० मध्ये त्याने इंग्लिश खाडी न थांबता जाऊन-येऊन ओलांडली आणि १२ जुलै रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून तो ठार झाला. वय ३२. दुसऱ्याच वर्षी रॉइस अति कष्टांनी आजारी पडला. १९०८ साली डर्बी येथे नवा मोठा कारखाना उघडला होता. पण नंतरचे आयुष्य रॉइसने तेथून दूर, हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि एरवी इंग्लंडच्या दक्षिणेला वेस्ट विटरिंग या गावी काढले. बरोबर नकाशे काढणारे काही जण असत. कागद डर्बीला जात, सुटे भाग तयार होऊन तपासले जात, दुरुस्त्या परत येत. बावीस वर्षे कारखान्याचा आत्मा कारखान्याबाहेर राहिला आणि तरी गाडीत उणे पडले नाही. याचे श्रेय जॉन्सनच्या कारभाराला आणि डर्बीच्या कारागिरांनाही द्यावे लागेल. १९२६ साली जॉन्सन गेला आणि २२ एप्रिल १९३३ रोजी रॉइस.

गाडीवरच्या पुतळीचीही एक हकीकत आहे आणि तिचे एक टोक हिंदुस्थानाकडे वळलेले आहे. गिऱ्हाइके आपापल्या गाडीच्या नाकावर वाटेल ती चित्रे बसवू लागली, तेव्हा जॉन्सनने चार्ल्स साइक्स या शिल्पकाराकडून १९११ साली ही मूर्ती करून घेतली. तिच्यासाठी आदर्श ठरली एलिनॉर थॉर्नटन, लॉर्ड माँटेग्यू यांची चिटणीस. रॉइसला स्वतःला ही पुतळी पसंत नव्हती. समोरचे नीट दिसत नाही, ही त्याची तक्रार. डिसेंबर १९१५ मध्ये माँटेग्यू हिंदुस्थान सरकारच्या कामासाठी 'पर्शिया' बोटीने निघाले, तेव्हा एलिनॉर त्यांच्याबरोबर होती. ३० डिसेंबरला भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने बोट बुडविली. माँटेग्यू वाचले. एलिनॉर गेली.

महायुद्धापासून कंपनी विमानांची इंजिने करू लागली होती. १९१९ साली ऑल्कॉक आणि ब्राउन अटलांटिक ओलांडून गेले ते 'ईगल' इंजिनांवर. रॉइसच्या अखेरच्या काळात आखलेले इंजिन 'मर्लिन' या नावाने दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत बसले. मर्लिनसाठीच क्रू या गावी कारखाना उभा राहिला होता. १९४६ पासून तेथे मोटारी होऊ लागल्या. आता मोटार हे कंपनीचे धाकटे अपत्य होते आणि थोरल्याने घर बुडविले. १९६८ मध्ये लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी २११ नावाचे इंजिन ठरीव किमतीत देण्याचा करार झाला. त्याच्या पंख्याची पाती वजनाला हलक्या कार्बन तंतूंची करायची होती. उडत्या पक्ष्याची धडक बसली तर काय होईल, हे पाहण्यासाठी पात्यांवर कोंबडी डागून पाहत. त्या परीक्षेत पाती टिकली नाहीत. मग टायटॅनियम धातूची करावी लागली. खर्च वाढत गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनची ही अभिमानाची पेढी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. खाजगी उद्योगाचा पुरस्कार करणाऱ्या हीथ यांच्या हुजूर पक्षीय सरकारलाच तिचे राष्ट्रीयीकरण करावे लागले. ते इंजिन पुढे उत्तम ठरले, ही गोष्ट वेगळी.

मोटारींची शाखा तेव्हा वेगळी काढण्यात आली आणि वाटणीच्या कागदात एक कलम राहिले. मोटारवाल्यांनी नाव वापरावे, परंतु नावाचा मूळ हक्क विमान-इंजिनांच्या कंपनीकडे असावा. १९८० साली मोटार कंपनी व्हिकर्स कंपनीकडे गेली, तेव्हा या कलमाची आठवण कोणाला व्हायचे कारण नव्हते. १९९८ मध्ये व्हिकर्सने ती विकायला काढली. बीएमडब्ल्यूची बोली ३४ कोटी पौंडांची. फोक्सवागेनने ४३ कोटींवर नेऊन कारखाना पटकावला. मग विमान-इंजिनवाल्यांनी ते जुने कलम पुढे केले आणि आपल्याशी व्यवहार असलेल्या बीएमडब्ल्यूला ४ कोटींत नाव देऊन टाकले. एकाकडे पुतळी आणि समोरची ती देवळाच्या दर्शनी खांबांसारखी जाळी. दुसऱ्याकडे नाव, शिवाय तेव्हाच्या नव्या गाडीत बसणारी इंजिनेही त्याचीच. शेवटी तडजोड अशी झाली, की २००२ संपेपर्यंत क्रूच्या कारखान्याने दोन्ही गाड्या बनवाव्यात आणि १ जानेवारी २००३ पासून रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूची, बेंटली फोक्सवागेनची. म्हणजे १९४६ पासून रोल्स-रॉइस घडविणारे हात क्रूलाच राहिले आणि बेंटलीचे झाले. रॉइसने घडविलेली ती एएक्स २०१ क्रमांकाची गाडीसुद्धा वाटणीत क्रूकडेच गेली.

कारागिरांच्या बाजूने पाहिले, तर हा व्यवहार मला तरी न्याय्य वाटत नाही. नाव कमावले ते दोन पिढ्यांच्या हातांनी, आणि ते गेले वकिलांच्या कलमाने. परंतु बीएमडब्ल्यूला नुसती पाटी टांगून निभावता येणार नव्हते, हेही खरे. त्यांना दक्षिण इंग्लंडमध्ये गुडवुड येथे नवा कारखाना बांधावा लागला, लाकडाचे आणि कातड्याचे हातकाम करणारी माणसे नव्याने जमवून शिकवावी लागली. ॲल्युमिनियमचा सांगाडा जर्मनीत होतो, जुळणी आणि साज गुडवुडला. २००३ च्या आरंभी तेथून पहिली फँटम बाहेर पडली. २०२३ साली तेथून ६,०३२ गाड्या गेल्या. सिल्व्हर घोस्टच्या जवळजवळ वीस वर्षांच्या कारकिर्दीत एकंदर आठ हजारही झाल्या नव्हत्या. आणि योगायोग पाहा, रॉइस ज्या वेस्ट विटरिंगला राहून कागद डर्बीला पाठवीत असे, ते गाव या नव्या कारखान्यापासून थोड्याच मैलांवर आहे.

त्याच २०२३ मध्ये कंपनीची पहिली विजेवर चालणारी मोटार, 'स्पेक्टर', गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागली. विजेची गाडी आवाज करीत नाही, वास सोडत नाही, वाटेत वीज भरण्याची सोय झाली तर फार उपयोगी पडेल, असे रोल्सने १९०० साली म्हणून ठेवले होते. रॉइसने ज्याच्यासाठी रात्री जागविल्या, तो क्रँकशाफ्ट या गाडीत मुळीच नाही. जे आहे, ते विजेचे चक्र. कुक स्ट्रीटवर क्रेनसाठी तो बनवीत असे, त्याच जातीचे.